बुधवारची कानबाई

माझ्या अंगात एकदा कानबाई आली होती. सासरच्या भाऊबंदकीतल्या बायका ही गोष्ट अजून सांगतात आणि मी समोर असले की आवाज जरा खाली करून सांगतात. मी विज्ञानाची शिक्षिका. जळगावहून रोज एसटीने असोद्याच्या शाळेत जायचं आणि आठवीच्या पोरांना फळा भरभरून सांगायचं की अंगात येणं वगैरे काही नसतं, हे सगळे मनाचे खेळ. भाऊबंदकीत एवढ्या श्रद्धाळू, उपासतापास करणाऱ्या बायका असताना देवीला नेमकी मीच कशी सापडले, हा प्रश्न मात्र त्या दिवशी कोणालाही पडला नाही. मला उत्तर माहीत होतं आणि मी गप्प बसले. सगळं रामायण त्या गप्प बसण्यातून झालं.

सुरुवात अगदी साळसूद होती. ऐंशीनंतर दोनचार वर्षांनी नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही धुळ्याहून जळगावला बिऱ्हाड हलवलं. नवी शाळा, नवी गल्ली, नवा नळ. माझ्या छातीत धडधड सुरू झाली. बस चुकेल, दूध उतू जाईल, तपासणीला साहेब येतील, रात्री चोर येतील, सगळ्याची एकाच मापाची भीती. वर्गावर जाताना हात गार पडायचे. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढून बघितली, हृदय उत्तम आहे म्हणाले आणि ‘तुम्ही टेन्शन फार घेता’ असं निदान केलं. जसं काही मी ते बाजारातून किलोवर आणत होते. मग त्यांनी एक छोटी गोळी लिहून दिली. रात्री एक, पंधरा दिवस.

ते पंधरा दिवस सहा वर्षं चालले.

गोळी होती मात्र गुणी. घेतली की अर्ध्या तासात जग आपापल्या जागी बसायचं. दूध उतू गेलं तर गेलं, पुसून घेऊ. एवढा समजूतदारपणा मला आईबापांनी, शिक्षणाने, लग्नाने दिला नव्हता, तो त्या मुगाच्या डाळीएवढ्या गोळीने दिला. पुढे रात्रीची एक पुरेना म्हणून सकाळची एक आली. मग तपासणीच्या आठवड्यापुरती दुपारची आली आणि तपासणी संपली तरी ती काही परत गेली नाही. चिठ्ठी घडीवर फाटली, तेव्हा मी तिला मागून चिकटपट्टी लावली. नंतर मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागणंच सोडलं. मी पायरी चढले की त्याचा हात आपोआप त्या खणाकडे जायचा. भला माणूस. गिऱ्हाइकाला उगाच प्रश्न विचारून त्रास देणं त्याच्या रक्तात नव्हतं.

व्यसन हा शब्द माझ्या डोक्यातही आला नाही. व्यसनी म्हणजे गटाराशेजारी पडलेला माणूस, मी तर इस्त्रीची साडी नेसून शाळेत व्यसनमुक्तीचे निबंध तपासणारी बाई! एकदा गोळ्यांची पट्टी घरी विसरले तर तिसऱ्या तासालाच घाम फुटला, मुख्याध्यापकांना खोटं सांगून रिक्षा करून घरी गेले, तेव्हासुद्धा मी स्वतःला हेच समजावलं की माझी प्रकृतीच नाजूक. नवऱ्याला ‘झोपेची आहे, कधीमधी घेते’ एवढंच माहीत होतं. त्याने खोलात जाऊन विचारलं नाही. आमच्या घरात खोलात जायची पद्धत नव्हती.

मग एका शुक्रवारी त्या भल्या माणसाने घात केला. दुकानात गर्दी होती, माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शेजारीच उभी. मी नुसती पायरी चढले, तर हा लांबूनच म्हणाला की बाई, रोज रोज कशाला चक्कर मारता, त्या झोपेच्या गोळ्यांचं अख्खं खोकंच घेऊन जा ना! मुलीच्या आईने माझ्याकडे असं बघितलं की मी खोकल्याचं औषध घेऊन पायऱ्या उतरले. घरी येऊन उरलेल्या चार गोळ्या मोरीत टाकल्या. सोडल्या म्हणजे सोडल्या. मी शिकलेली बाई, माझ्याकडे इच्छाशक्ती होती. इच्छाशक्तीवर मी दर वर्षी परिपाठाला पाच मिनिटं बोलायचे.

नेमका दुसऱ्या दिवशी कानबाईला गावी जायचा मुहूर्त. कानबाई ही आमच्या खान्देशाची देवी. श्रावणात, नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी नारळाला नथ, डोळे, साडी असं सजवून तिला चौरंगावर बसवतात आणि पोटापाण्यासाठी कुठं कुठं पांगलेली भाऊबंदकी त्या दिवशी एका घरात गोळा होते. नैवेद्याचे जाड रोट भाजतात, पुरण शिजतं, गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजत गाजत नदीवर विसर्जन. सासरचं गाव नरडाण्यापासून चार मैल आत. मान मोठ्या घराचा, म्हणजे माझ्या मोठ्या दिराच्या घराचा.

मोठी जाऊ म्हणजे आमच्या अक्का. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, आणि शेत, ढोरं, आलागेला सगळं एकहाती ओढणाऱ्या. लहान जावेला अरेतुरे करायचा त्यांचा हक्क, पण मी नोकरीवाली म्हणून त्या मला ‘बाई’ आणि ‘तुमी’ म्हणायच्या. त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही. त्यांना एकच मुलगी, अकरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिला फिट यायला लागल्या, तेव्हा मीच हट्ट करून तिला धुळ्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. रोज गोळी सुरू झाली आणि फिट थांबल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की एक दिवसही चुकवायची नाही, आणि मी ते अक्कांना दर भेटीत पुन्हा बजावायचे. अक्का गोळी द्यायच्या, पण मन खायचं त्यांचं. रोज गोळी खाणारी पोर म्हणून गावात बोभाटा झाला तर तिला पत्करणार कोण, ही त्यांची काळजी.

शनिवार मी कसाबसा काढला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. रविवारी सकाळपासून जिभेला लोखंडाची चव, भांडं पडलं तरी अंगावर काटा. दुपारी पुरण वाटताना वरवंटा हातात धरवेना. कोणी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणायचं. संध्याकाळी कानबाई चौरंगावर बसली, आरती सुरू झाली. टाळ, ढोलकी, धुपाचा धूर, एका खोलीत चाळीस बायका. आधी माझे हात थरथरायला लागले, मग गुडघे, मग मान. ओठ दाबून धरले तर दात वाजायला लागले. मी भिंत धरून खाली बसले आणि मान काही थांबेना.

एका म्हातारीने ते पाहिलं. म्हणाली, आली!

पुढचं एखाद्या लग्नघरासारखं झटपट झालं. मला कोणीतरी पाटावर बसवलं, केस सोडले, कपाळभर हळदकुंकू फासलं. ज्या सासूबाईंनी दहा वर्षांत माझ्या हातच्या भाजीला बरी म्हटलं नव्हतं, त्या माझ्या पायाशी वाकल्या. बायका एकेक करून विचारायला लागल्या. पोराला नोकरी लागेल का, विहिरीला पाणी लागेल का, सवत जाईल का. माझी मान आपली हलतच होती, ज्याला जे हवं ते त्याने त्यातून घ्यावं. सगळ्यांची कामं होणार होती. सवतसुद्धा जाणार होती.

मग अक्का आल्या. पोरीला हाताशी धरून माझ्यासमोर बसल्या, डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, “आई, मन्ही पोरन्या गोळ्या बंद करू का?”

मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं लिहायला मला फार आवडलं असतं. शब्द न् शब्द ऐकला. पण मान थांबवता येईना, तोंड उघडलं तर किंचाळी फुटेल असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला एवढंच हवं होतं की या बायांनी उठावं, मला सोडावं आणि मला कुठून तरी एक गोळी मिळावी. माझी मान हललीच. अक्कांनी माझ्या पायावर डोकं ठेवलं.

सोमवारी विसर्जन झालं. परत येताना धुळ्याच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मी नवऱ्याला सांगून उतरले, समोरच्या मेडिकलमधून पट्टी घेतली आणि नळाच्या पाण्याबरोबर दोन गोळ्या टाकल्या. पारोळ्यापर्यंत देवी गेली. इच्छाशक्तीही गेली. उरलेल्या रस्त्यात मी ठरवलं की हे कोणाला सांगायचं नाही. अक्का काय, भावनेच्या भरात विचारलं असेल, दोन दिवसांत विसरतील. आणि आणखी एक लाजिरवाणी गोष्ट लिहूनच टाकते. सासूबाई माझ्या पाया पडल्या, त्याचं मला बरं वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी मोठे दीर जळगावला काही कामाला आले, जेवायला बसले आणि सहज सांगितलं की पोर चुलीपाशी पडली. हात भाजला, मनगटापासून कोपरापर्यंत. नंतर आठवड्यात अजून दोनदा फिट आली. मी विचारलं, गोळी? ते माझ्याकडे जरा नवलाने बघत म्हणाले, “आईनंच सांगं ना बंद करा म्हणून. तुमनाच अंगात व्हती.” आणि त्यांनी भात मागितला.

मी सकाळची पहिली गाडी पकडली. जळगाव ते धुळे, धुळे ते नरडाणा, तिथून बैलगाडी. वाटेत शंभर वेळा वाक्य जुळवलं. मुलगी ओसरीवर बसली होती, हाताला खोबरेल आणि फडकं. मला बघून हसली आणि त्या हसण्याने माझी सगळी वाक्यं पुसली. मी अक्कांना आत नेलं आणि धडाधड सांगून टाकलं. देवी नव्हती. मी सहा वर्षं गोळ्या खाते, त्या सोडल्या म्हणून मला कापरं भरलं होतं. पोरीची गोळी आत्ताच्या आत्ता सुरू करा.

अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तवय तुमी नही व्हतात, बाई. तवय ती व्हती.”

मुद्दा बिनतोड होता. त्या दिवशी मान हलवणारी मी नव्हतेच, तर ती नव्हती असं सांगणारी मी कोण? उलट मी देवीचं नाव खोडते म्हणून तिचा कोप व्हायचा तो पोरीवरच होणार, ही भीती अक्कांना आणखी पडली. फिट का आल्या म्हणाल तर रोटात काही चुकलं असेल. मी मेंदू सांगितला, मज्जातंतू सांगितले, आठवीच्या पुस्तकातली आकृती अंगणात काडीने काढून दाखवली. अक्कांनी आकृतीवरून शेणाचा सडा घातला. दीर म्हणाले, बायकांचं बायकांनी बघावं. गोळ्यांची पुडी देव्हाऱ्यामागे होती, आणि तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

रात्री आडवी पडले तेव्हा मला माझ्या धंद्यातलं एकच हत्यार आठवलं. सांगून पटत नसेल तर प्रयोग करून दाखवायचा. सकाळी मी पर्समधली पट्टी काढून अक्कांच्या हातात दिली. म्हटलं, ही तुमच्या कमरेला ठेवा. दोन दिवस मला एकही देऊ नका, मी मागितली तरी. आज सोमवार. चौरंगावर कानबाई नाही, टाळ नाही, धूप नाही. तरी मला तसंच होतं की नाही ते तुम्हीच बघा. हा शहाणपणा नव्हता हे आता माहीत आहे, नंतर डॉक्टरांनी त्यासाठी माझी यथेच्छ हजेरी घेतली. पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, आणि पोरगी कोणत्याही क्षणी पुन्हा पडली असती.

सोमवारचा दिवस गेला. मंगळवारी घाम सुरू झाला. दुपारी मी अक्कांच्या पाठीमागे पाठीमागे फिरत गोळी मागितली, आधी गोड बोलून, मग चिडून. त्यांना मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी पदर खोचला आणि कपाशीच्या वावरात निघून गेल्या. त्या रात्री मला भिंतीवर मुंग्या चालताना दिसत होत्या आणि भिंतीवर मुंग्या नव्हत्या.

बुधवारी सकाळी, भर उजेडात, ओट्यावर, मी थरथरायला लागले. हात, गुडघे, मान, तोच क्रम. बातमी पसरायला किती वेळ लागतो? चार बायका हळदकुंकवाच्या वाट्या घेऊन हजर. एकीने तर धूप पेटवलासुद्धा. एका म्हातारीने शंका काढली की बुधवारी कशी काय आली, तर दुसरी म्हणाली की तिची मर्जी.

अक्का माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांत बघत विचारलं, “कोण शे?”

दात एकमेकांवर आपटत होते. जीभ चावली गेली, तोंडात रक्ताची चव आली. तरी एकेक अक्षर ढकलत मी म्हटलं, “मी आहे, अक्का. तुमची जाऊ. दुसरं कोणी नाही.”

त्यांनी कमरेची पट्टी काढली. एक गोळी माझ्या जिभेवर ठेवली, तांब्या तोंडाला लावला आणि तशाच बसून राहिल्या. बायकांनाही बसवून ठेवलं. अर्धा तास गेला असेल, जास्तही असेल. आधी मान थांबली. मग गुडघे. मग हात, सगळ्यात शेवटी बोटं. अक्का बोटांकडे बघत होत्या. ती थांबली तेव्हा त्या उठल्या, बायकांना घरी जायला सांगितलं, देव्हाऱ्यामागची पुडी काढली आणि पोरीला हाक मारली. पोरीने गोळी गिळली. मग अक्का माझ्याजवळ आल्या, माझ्या कपाळावरचं कोणीतरी लावलेलं कुंकू पदराने खसखसून पुसलं.

“इतली थरथरस तू,” म्हणाल्या, “अन् कोणलेच सांगं नही?”

मी ढसाढसा रडले. सहा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

लगेच गुरुवारी आम्ही तिघी धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी मुलीला तपासलं, गोळी पुन्हा पहिल्यापासून जमवून दिली. मी आपली सभ्यपणे उठायला लागले तर अक्कांनी मला खांदा धरून खुर्चीत दाबलं आणि माझी सगळी कुंडली डॉक्टरांसमोर मांडली. मुंग्यांसकट. डॉक्टर मला म्हणाले की अशी एकदम सोडल्यावर फिट तुम्हालाच यायची होती, नशीब समजा. मग त्यांनी कागदावर पायऱ्या काढून दिल्या. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी कमी. मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, वर्ष तरी धरा. चढायला पंधरा दिवस आणि उतरायला वर्ष, असा तो डोंगर.

बरं होणं ही फार कंटाळवाणी गोष्ट आहे. दाढीच्या पात्याने गोळीचे तुकडे करायचे, तुकडा सांडला की चष्मा लावून फरशीवर रांगायचं. नवऱ्याला सगळं सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून पातं तो धरायला लागला, कारण माझा हात हलायचा. एवढं मात्र त्याने खोलात जाऊन केलं. मेडिकल बदललं. काही पंधरवडे सुखाचे गेले, काहींत पुन्हा पहिल्यासारखी धडधड. एकदा दोन पायऱ्या परत चढले, डॉक्टर रागावले नाहीत. भीती गेली नाही, अजूनही आहे. दूध उतू जाईल असं मला आजही वाटतं, फक्त आता मी उठून गॅस बारीक करते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अक्कांची मुलगी आमच्याकडे दीड महिना राहिली. रात्री जेवण झालं की आम्ही दोघी मोरीच्या दारात उभ्या राहायचो, एकच तांब्या. तिची अख्खी गोळी, माझा कणभर तुकडा. माझा तुकडा बघून ती हसायची. म्हणायची, काकू, हे तर चिमणीलापण पुरणार नाही. भाजलेल्या हाताची कातडी नवी, गुलाबी आली होती. ती बाही खाली ओढून घ्यायची आणि मी बघितलं नाही असं दाखवायचे.

दिवाळीला गावी गेले तेव्हा माझी गोळी पूर्ण सुटून बारा दिवस झाले होते. अक्का शेव काढत होत्या. त्यांना सांगितलं तर त्यांनी गरम शेवेचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला आणि तेलाच्या हाताने पाठीत एक धपका घातला. दीर म्हणाले, वा. सासूबाई म्हणाल्या की देवीनेच सोडवली, आणि मी वाद घातला नाही. घरात सणासारखा सण झाला.

रात्रीची जेवणं झाली. मुलगी तांब्या घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी म्हटलं, मला नको बाळा, माझी संपली. तिने विचारलं, मग माझी कधी संपणार? चुलीपाशी अक्कांचा हात थांबला. मी खरं तेच सांगितलं. माहीत नाही, बरीच वर्षं लागतील, कदाचित नेहमीच घ्यावी लागेल.

तिने तांब्यात बघितलं.

“तुमी ते सोडी दिधी,” ती म्हणाली. “आते माले एकलीलेच खानी पडी.”

मी तिच्याबरोबर मोरीच्या दारापर्यंत गेले आणि ती गोळी गिळेपर्यंत तांब्या धरून उभी राहिले.